सोरोबान आणि शोदो घरी शिकताना : तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सोरोबान म्हणजे मण्यांच्या चौकटीवर हिशेब करण्याची जपानी पद्धत आणि शोदो म्हणजे कुंचल्याने अक्षरे लिहिण्याची जपानी सुलेखनविद्या. ही दोन्ही कौशल्ये शिकू पाहणारे बहुतेक जण एकाच प्रकारे चुकतात, ते म्हणजे शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. सोरोबान हाती येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच मुलाने मणी न हलवता तोंडी बेरजा कराव्यात अशी अपेक्षा धरली जाते, आणि शोदोत आडवी रेघ नीट ओढता येण्याआधीच भिंतीवर लावण्यासाठी सोळा रेघांचे ‘ड्रॅगन’ हे चिन्ह निवडले जाते. दोन्ही ठिकाणी हाताला वळण लागलेले नसते. सहा महिन्यांनी प्रगती थांबते, आणि तोपर्यंत पक्की झालेली चुकीची सवय मोडणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण होऊन बसते.

दोन्ही एकदम सुरू करायचे असल्यास सोरोबान रोज वीस मिनिटे आणि शोदो आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी दीड तास, अशी विभागणी मला योग्य वाटते. सोरोबानचा सराव थोडा पण रोज हवा. शोदोच्या मांडामांडीत आणि धुण्यातच अर्धा तास जातो, त्यामुळे तेथे वीस मिनिटांची बैठक निरुपयोगी ठरते. एकाच संध्याकाळी दोन्ही करायचे असेल तर सोरोबान आधी करावा, कारण शाईचा हात लागलेले मणी चिकट होतात.

भाग पहिला : सोरोबान

१. योग्य चौकट निवडणे

खऱ्या सोरोबानच्या प्रत्येक उभ्या दांडीवर आडव्या पट्टीच्या वर एक आणि खाली चार मणी असतात. वरच्या मण्याची किंमत पाच, खालच्या प्रत्येकाची एक, आणि पट्टीला टेकवलेला मणीच मोजला जातो. वर दोन आणि खाली पाच मणी असलेली चौकट चिनी असते, आणि बालवाडीतील दहा-दहा रंगीत मण्यांची पाटी हे तर वेगळेच साधन आहे. या दोन्हींवर पुढील कृती जमणार नाहीत. जपानमध्ये ह्योगो प्रांतातील ओनो आणि शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथील लाकडी सोरोबान नावाजलेले आहेत, तेथे २३ दांड्यांची चौकट सर्वसाधारण मानली जाते. सुरुवातीला १३ किंवा १७ दांड्यांची साधी चौकटही पुरते.

तपासणी : चौकट उभी तिरपी केली की मणी आपल्या वजनाने खाली आले पाहिजेत, पण सपाट ठेवून शेजारची दांडी हाताळताना ते हलता कामा नयेत. फार सैल मणी नवशिक्याचा विश्वास घालवतात, कारण चूक बोटाची की चौकटीची हे त्याला कळत नाही.

२. बैठक आणि ठिपके

टेबलाची कड आणि पोट यांत एका मुठीचे अंतर ठेवून ताठ बसावे. डाव्या हाताने चौकटीची डावी बाजू धरावी. पेन्सिल उजव्या हाताच्या अनामिका आणि करंगळीत आडवी धरून ठेवावी आणि मणी हलवताना खाली ठेवू नये. प्रत्येक उत्तरानंतर ती शोधून उचलण्यात लागणारा वेळ किरकोळ वाटतो, पण लक्ष नेमके तेथेच तुटते.

आता पट्टीवरील ठिपके पाहावेत. ते दर तिसऱ्या दांडीवर असतात. मराठी वाचकाची पहिली मोठी चूक येथे होते. आपण हजारानंतर दोन-दोन अंकांचे गट पाडतो, म्हणून पुढचा ठिपका लाखाचा असणार असे डोळा गृहीत धरतो. तसे नाही. एकाच ठिपक्याला एकं मानले की त्याच्या डावीकडचा पुढचा ठिपका हजाराचा, त्यापुढचा दहा लाखांचा आणि त्याहीपुढचा अब्जाचा येतो. लाखाची दांडी हजाराच्या ठिपक्यापासून डावीकडे दुसरी असते आणि तिच्यावर ठिपका नसतो.

तपासणी : १२,३४,५६७ ही संख्या मांडावी. १ हा अंक ठिपक्याच्या दांडीवर आला तर मांडणी बरोबर आहे. २ ठिपक्यावर आला असेल तर ठिपक्याला लाख समजण्याची चूक झाली आहे.

३. चौकट कोरी करणे

प्रत्येक उदाहरणाआधी चौकट कोरी करायची असते, याला जपानीत ‘गोहासान’ म्हणतात. चौकटीची वरची कड उचलून ती स्वतःकडे कलती करावी, म्हणजे सर्व मणी खाली येतील. मग ती अलगद सपाट ठेवून तर्जनी आडव्या पट्टीच्या वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे एकाच ओघात फिरवावी, म्हणजे वरचे मणी वर सरकतील. चौकट हलवून किंवा तळहाताने मणी ढकलून हे करू नये. अर्धवट तरंगणारा, म्हणजे ना पट्टीला टेकलेला ना कडेला टेकलेला, एक मणी सगळे उत्तर बिघडवतो. पहिल्या आठवड्यात एकही बेरीज न करता केवळ संख्या मांडणे आणि चौकट कोरी करणे एवढेच केले तरी वेळ वाया गेला असे समजू नये.

४. बोटांची विभागणी

नियम दोन ओळींचा आहे. खालचे मणी वर नेण्याचे काम अंगठ्याचे. खालचे मणी खाली आणणे आणि वरचा मणी खाली-वर करणे ही कामे तर्जनीची.

सहा ते नऊ हे अंक मांडताना अंगठा आणि तर्जनी चिमटीसारखी एकदम हलतात. ७ मांडायचे तर अंगठा दोन मणी वर नेतो आणि त्याच क्षणी तर्जनी वरचा मणी खाली आणते. ७ काढताना मात्र तर्जनी आधी खालचे दोन मणी उतरवते, मग वरचा मणी चढवते.

सावधान : पुष्कळ मुले सगळेच मणी तर्जनीने हलवतात, आणि सुरुवातीला त्यात अडचणही येत नाही. अडचण तिसऱ्या महिन्यात येते, जेव्हा प्रत्येक अंकामागे एक हालचाल जास्त पडू लागते. पालकांनी उत्तरे तपासण्याऐवजी या काळात बोटे तपासावीत. आपल्याकडील काही अबॅकस वर्गांत दोन्ही हात वापरायला शिकवतात. तसे शिकलेल्या मुलाने एकच पद्धत ठरवून तीच पाळावी, दोन्हींची सरमिसळ करू नये.

५. पाचाच्या आणि दहाच्या जोड्या

कागदावर आपण बेरीज उजवीकडून करतो आणि हातचा मनात धरतो. सोरोबानवर बेरीज डावीकडून होते आणि हातचा मनात धरायचाच नसतो, तो तत्क्षणी डावीकडच्या दांडीवर चढतो. शाळेत हातच्याची सवय झालेल्या मुलाला हे उलटे वाटते, म्हणून ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी.

मणी अपुरे पडले की पूरक जोडी वापरावी लागते. पाचाच्या जोड्या १-४ आणि २-३, तर दहाच्या १-९, २-८, ३-७, ४-६ आणि ५-५. आपल्याकडील वर्गांत यांना ‘स्मॉल फ्रेंड’ आणि ‘बिग फ्रेंड’ म्हणतात. नाव कोणतेही चालेल, क्रम मात्र बदलता कामा नये :

- पाचाची बेरीज : ४ मध्ये ३ मिळवताना आधी पाचाचा मणी खाली आणावा, मग खालचे २ काढावेत.
- पाचाची वजाबाकी : ६ मधून ३ काढताना आधी अंगठ्याने २ चढवावेत, मग पाचाचा मणी वर न्यावा.
- दहाची बेरीज : ८ मध्ये ७ मिळवताना आधी त्याच दांडीवरून ३ काढावेत, मग डावीकडे १ चढवावा.
- दहाची वजाबाकी : १२ मधून ७ काढताना आधी डावीकडचा १ काढावा, मग उजवीकडे ३ मिळवावेत.

४७ + ३८ करून पाहावे. दहंच्या दांडीवर ४ आहेत, ३ मिळवायचे आहेत. पाच खाली, दोन काढले, झाले ७. एकंच्या दांडीवर ७ आहेत, ८ मिळवायचे आहेत. खालचे दोन काढले, वरचा पाचाचा मणी तसाच राहिला, आणि दहंवर एक चढला. उत्तर ८५.

सर्वांत अवघड हालचाल ६ + ७ यासारख्या उदाहरणांत येते, कारण तेथे दोन्ही जोड्या एकमेकींत अडकतात. दहा मिळवायचे तर ३ काढावे लागतात, पण ६ मधून ३ थेट निघत नाहीत. म्हणून अंगठ्याने २ चढवावेत, तर्जनीने पाचाचा मणी वर न्यावा, आणि मग दहंवर १ चढवावा. १३ दिसतील. या हालचालीवर पूर्ण आठवडा द्यावा. येथे घाई केलेले मूल पुढे मोठ्या बेरजांत थबकत राहते आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

तपासणी : हालचाल करताना ओठ हलत असतील, म्हणजे ‘सहा आणि सात तेरा’ असे आधी मनात येऊन मग मणी त्या उत्तरावर नेऊन ठेवले जात असतील, तर हा सोरोबानचा सराव नव्हे. उत्तर मण्यांवरून वाचायचे असते.

६. एक ते शंभर

१ ते १०० या संख्या क्रमाने मिळवत जावे. वाटेत थांबण्याची ठिकाणे ठरलेली आहेत : १० पर्यंत ५५, २४ पर्यंत ३००, ३६ पर्यंत ६६६, ४४ पर्यंत ९९०, ५५ पर्यंत १५४०, ६६ पर्यंत २२११, ७७ पर्यंत ३००३ आणि शेवटी ५०५०. चूक झाली तर ती कोणत्या टप्प्यात झाली हे लगेच कळते आणि सगळे पुन्हा करावे लागत नाही. पुढे ५०५० मधून त्याच संख्या वजा करत शून्यावर यावे. मोठ्या संख्यांसाठी १२,३४,५६,७८९ ही संख्या नऊ वेळा मिळवावी, उत्तर १,११,११,११,१०१ येते.

घड्याळ लावायचे ते येथून पुढे, आणि तेही सलग तीन दिवस उत्तर अचूक आल्यावर.

७. गुणाकार आणि मनातली चौकट

आपल्या मुलांना पाढे तोंडपाठ असतात, पण सोरोबानवर प्रत्येक गुणाकार दोन अंकी धरावा लागतो. ‘बे चोक आठ’ येथे ०८ आहे. हे शून्य गाळले की पुढचे सगळे अंक एक दांडी डावीकडे सरकतात. ४२ × २ मध्ये ०८ मांडताना शून्य शतकावर आणि ८ दहंवर येतात. पुढचे ०४ त्याच दहंपासून सुरू होते, म्हणून ४ एकंवर जातात आणि ८४ मिळतात. मागच्या गुणाकाराचा दुसरा अंक जेथे पडला तेथेच पुढच्याचा पहिला अंक पडतो, एवढे पक्के धरावे.

तोंडी हिशेब, म्हणजे ‘आनझान’, डोळ्यांपुढे मणी आपोआप दिसू लागल्यावरच सुरू करावा. मूल हवेत बोटे हलवू लागले तर त्याला थांबवू नये. जपान चेंबर ऑफ कॉमर्सच्या परीक्षेत पहिल्या तीन श्रेणींना ३० मिनिटांत ३०० पैकी २४० गुण लागतात. तेवढा वेग वरील क्रमाने काही वर्षांत येतो, आणि त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही.

भाग दुसरा : शोदो

८. साहित्य

कुंचला (फुदे), शाईची कांडी (सुमी), शाई उगाळण्याचा दगड (सुझुरी) आणि कागद या चार मुख्य वस्तू आहेत. त्यांना जोड म्हणून खाली घालायचे फेल्ट आणि कागद दाबायची लांबट वजनपट्टी लागते. सरावाचा कागद म्हणजे ‘हान्शी’, सुमारे २४ × ३३ सेंटिमीटर. त्याची गुळगुळीत बाजू लिहिण्याची असते. बोट फिरवून ती प्रत्येक वेळी ओळखावी.

कुंचला मिश्र केसांचा घ्यावा. केवळ शेळीच्या केसांचा कुंचला फार मऊ असतो आणि नवशिक्याच्या हातात वाकून पडतो तो पुन्हा उठत नाही. स्वतःचे नाव लिहिण्यासाठी वेगळा बारीक कुंचला घ्यावा.

सावधान : दुकानात मिळणारी वॉटरप्रूफ ड्रॉइंग शाई वापरू नये. तिच्यातील लाखेमुळे केस मुळाशी कडक होतात आणि कुंचला कायमचा जातो. शोदोची बाटलीतील शाई, ‘बोकुजू’, सरावाला चालते. पण ती आणि कांडीची उगाळलेली शाई एकत्र करू नये, आणि चांगल्या दगडात बोकुजू ओतून वाळू देऊ नये.

९. नवा कुंचला मोकळा करणे

नव्या कुंचल्याचे केस खळीने घट्ट बसवलेले असतात. मोठ्या कुंचल्याचे केस बोटांनी टोकाकडून हळूहळू सुटे करावेत आणि कोमट पाण्यात खळ धुऊन काढावी. बारीक कुंचल्याचे फक्त टोकाकडचे एक तृतीयांश केस मोकळे करावेत. तो पूर्ण मोकळा केला की नाजूक रेघेसाठी लागणारा ताठरपणा जातो.

कुंचल्यावर आलेले प्लॅस्टिकचे टोपण फेकून द्यावे. ते वाहतुकीपुरते असते. ओल्या कुंचल्यावर टोपण बसवताना कडेचे केस दुमडतात, आणि आत कोंडलेल्या ओलीने, विशेषतः आपल्या पावसाळ्यात, बुरशी धरते.

१०. शाई उगाळणे

सुझुरीला एक सपाट उंच भाग आणि एक खोलगट भाग असतो. पाणी खोलगट भागात भरू नये. उंच भागावर चमचाभर घालून तेथेच उगाळावे आणि तयार झालेली शाई खाली सारावी. सहाणेवर चंदन उगाळताना आपण हात दाबतो, येथे दाबायचे नाही. कांडीच्या वजनावर थोडीच भर घालून सावकाश गोल फिरवत राहावे. दाबून घाईने उगाळलेल्या शाईत भरड कण राहतात आणि रेघ मातकट दिसते. दहा-पंधरा मिनिटे लागतात. त्या वेळात आज लिहायचे अक्षर नमुन्यात पाहत राहावे.

तपासणी : कांडी फिरवल्यावर तिच्या मागे दगडावर तिचा माग क्षणभर टिकून राहिला तर शाई होत आली. रद्दी तुकड्यावर एक रेघ ओढून पाहावी, राखाडी दिसली तर आणखी उगाळावे.

उगाळून झाल्यावर कांडीची ओली बाजू लगेच पुसावी. ती दगडावर उभी ठेवली तर आतील सरसामुळे चिकटून बसते आणि ओढताना दगडाचा टवका निघू शकतो.

११. कुंचला धरणे

कुंचला दांडीच्या मधोमध किंवा किंचित खाली, अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी धरावा आणि उभा ठेवावा. बोरू आणि टाक तिरपे धरले जातात, कारण तेथे तिरकस टोकाने रेघेची जाडी ठरते. येथे ती दाबाने ठरते, म्हणून कुंचला कलला की रेघेची एक कड फाटते. कोपर टेबलावरून उचललेले असावे. मनगट कागदावर टेकवून लिहिण्याची आपली सवय येथे सर्वांत आधी सोडावी लागते, आणि खांदा दुखतो आहे अशी तक्रार पहिल्या दोन-तीन बैठकांत होणारच. डाव्या हाताने कागद धरावा.

१२. एक आडवी रेघ

जपानीत ‘एक’ हा अंक म्हणजे एकच आडवी रेघ. पहिली संपूर्ण बैठक हिलाच द्यावी.

कुंचला शाईत पूर्ण बुडवून उंच भागाच्या कडेवर निथळावा आणि टोक एकवटून घ्यावे. टोक डावीकडे वरच्या दिशेने, सुमारे ४५ अंशांत, कागदावर टेकवावे आणि क्षणभर थांबावे. मग दाब न बदलता उजवीकडे, किंचित चढत, न्यावे. हात बोटांतून हलत नाही, खांद्यापासून सरकतो. शेवटी थांबून, थोडे दाबून, कुंचला आल्या वाटेने जरा मागे घेत उचलावा.

ओली रेघ जवळून पाहिली तर कुंचल्याचे टोक कोठून गेले ते कळते. आडव्या रेघेत ते वरच्या कडेने आणि उभ्या रेघेत डाव्या कडेने गेलेले असावे. ते मधून किंवा खालून गेले असेल तर सुरुवातीचा कोन चुकला आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पुढचे अक्षर घेऊ नये.

सावधान : एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा कुंचला फिरवू नये. पाटीवर तेच अक्षर गिरवत आपण लिहायला शिकलो, त्यामुळे बारीक पडलेली रेघ जाड करण्याचा मोह फार होतो. येथे गिरवलेले लगेच दिसते, कारण दुसऱ्यांदा लागलेली शाई वेगळी फुटते. रेघ चुकली तर चुकलेली राहू द्यावी आणि पुढच्या कागदावर नवी ओढावी.

१३. रेघेचे तीन शेवट

‘तोमे’ म्हणजे थांबणे, ‘हाने’ म्हणजे झटका देऊन उचलणे, ‘हाराई’ म्हणजे निमुळते करत सोडणे. हानेत आधी थांबायचे असते, टोक गोळा करायचे असते आणि मग उचलायचे असते. न थांबता दिलेला झटका आकड्यासारखा वाकडा दिसतो. उजवीकडे जाणाऱ्या हाराईत दाब वाढवत यावे, पायाशी थांबावे, आणि मग सावकाश उचलत आडवे निघावे. बहुतेकांची हाराई घाईत सुटते आणि शेवट झाडूसारखा विस्कटतो.

त्यानंतर ‘तीन’ हे अक्षर घ्यावे. तीन आडव्या रेघांत सर्वांत खालची लांब आणि मधली आखूड असते. वरची किंचित वर वळलेली, मधली सरळ आणि खालची कमानीसारखी असते. तीन रेघा सारख्याच काढणाऱ्याने नमुना पाहिलेला नसतो. पुढे ‘दहा’, ‘मोठा’, ‘नदी’, आणि मग ‘एई’, म्हणजे चिरंतन, हे अक्षर घ्यावे, कारण त्यात आठही मूलभूत रेघा येतात.

१४. रेघांचा क्रम

क्रम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नमुन्यावरून अंदाजाने ठरवू नये. ‘उजवा’ आणि ‘डावा’ या अक्षरांचा वरचा भाग सारखाच दिसतो, पण ‘उजवा’ तिरप्या रेघेने सुरू होतो आणि ‘डावा’ आडव्या रेघेने. क्रम बदलला की दोन रेघांची परस्पर लांबीही बिघडते. काइशो या सुट्या, स्पष्ट शैलीत क्रम पक्का झाल्याशिवाय ग्योशो किंवा सोशो या वाहत्या शैलींकडे वळू नये. त्या शैलींत रेघा जोडल्या जातात त्या बहुतांशी याच क्रमाने.

एका बैठकीत एकच अक्षर लिहावे, पण प्रत्येक कागदानंतर थांबून नमुन्याशेजारी ठेवून पाहावे. न पाहता लिहिलेले तीस कागद एकच चूक तीस वेळा पक्की करतात. शिक्षक असतील तर ते लाल शाईने दुरुस्ती करतील. तो लाल कागद जपून ठेवावा आणि पुढच्या बैठकीत तोच नमुना म्हणून समोर घ्यावा.

१५. धुणे आणि वाळवणे

लिहून झाल्यावर चहाला उठू नये, आधी कुंचला धुवावा. मोठा कुंचला गार पाण्याच्या बारीक धारेखाली धरून केसांचे मूळ बोटांनी हलके दाबत राहावे. टोक लवकर स्वच्छ होते, मुळाशी शाई बराच वेळ निघत राहते, आणि तेथे वाळलेली शाईच केस फाकवते. बारीक कुंचला धुवू नये, ओल्या कागदावर टेकवत पुसून घ्यावा. सुझुरी मऊ स्पंजाने, गार पाण्याने धुवावी. उरलेली उगाळलेली शाई ठेवू नये, आपल्या हवेत तिला लवकर वास येतो. ती रद्दी कागदात टिपून टाकावी.

टोक बोटांनी सरळ करून कुंचला केस खाली येतील असा, वारा लागेल तेथे टांगावा. पावसाळ्यात पंख्याखाली टांगावा. दुसऱ्या दिवशी केसांचे मूळ चिमटीत धरून पाहावे. ते मऊ असेल तर धुणे बरोबर झाले आहे. कडक लागले तर आत शाई राहिली आहे, मग कुंचला कोमट पाण्यात मुळापर्यंत भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा धुवावा.